हातात कॅमेरा धरून अंधूक उजेडात छायाचित्रण: व्हीआर असलेली लेन्स घ्यावी की मोठ्या अ‍ॅपर्चरची?

कडीपाट (प्रश्न)

नमस्कार. पुण्याच्या पेठांमध्ये जे थोडेफार जुने वाडे आणि देवळे उरली आहेत, त्यांच्यातील कोरीवकामाची छायाचित्रे मी गेली दोन वर्षे सवडीनुसार काढत आहे. माझ्याकडे निकॉनचा डी५६०० हा कॅमेरा असून त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची एएफ-पी व्हीआर (हाताचा कंप भरून काढणारी) लेन्स, म्हणजे किट लेन्स, एवढेच साहित्य आहे. चौकात ऊन असते तोवर काही अडत नाही. पण ओसरीवरून माजघरात पाऊल टाकले की उजेड एकदम उतरतो आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० पर्यंत नेऊनही लेन्सच्या लांब टोकाला, ५५ मिमीला, एफ/५.६ या अ‍ॅपर्चरवर (प्रकाश आत येण्याचे छिद्र; एफपुढचा आकडा जितका लहान, तितके ते मोठे), शटर १/८ सेकंदापर्यंत खाली येते. ट्रायपॉड नेण्याची सोय बहुतेक ठिकाणी नसते. पाताळेश्वरासारख्या पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत त्यासाठी आधी परवानगी काढावी लागते आणि राहत्या वाड्यात यजमानांच्या वाटेत तीन पाय रोवून उभे राहणे मलाच प्रशस्त वाटत नाही. फ्लॅश मी वापरत नाही, कारण समोरून पडलेल्या सपाट प्रकाशात कोरीवकामाची खोली नाहीशी होते.

दुसरी गरज कार्तिकात पडते. त्रिपुरी पौर्णिमेच्या संध्याकाळी नदीकाठच्या देवळांत पणत्या लागतात, तेव्हा दिव्यांपेक्षाही दिवे लावणाऱ्या माणसांचे चेहरे मला टिपायचे असतात. गेल्या वर्षी काढलेल्या दोनशेच्या आसपास फोटोंपैकी ठेवण्याजोगे जेमतेम पंधरा निघाले. बाकीचे हलले होते.

खर्चाची मर्यादा तीस हजार रुपये आहे आणि लेन्स वापरलेली असली तरी चालेल. माझ्या मनात तीन नावे आहेत: निकॉनची ३५ मिमी एफ/१.८ जी डीएक्स, जिच्यात व्हीआर नाही. निकॉनचीच १६-८० मिमी एफ/२.८-४ व्हीआर, अर्थात ती जुनी म्हणून मर्यादेत मिळाली तरच. आणि सिग्माची १७-५० मिमी एफ/२.८ ओएस. एका विक्रेत्याने मला असे सांगितले की, चार स्टॉपचे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) व्हीआर असले म्हणजे मोठ्या अ‍ॅपर्चरची गरजच उरत नाही. हे खरे असेल, तर माझ्या किट लेन्समध्येही व्हीआर आहेच. मग माझे फोटो का हलतात?

अर्धा स्टॉप

नमस्कार. विक्रेत्याचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि जे अर्धे खोटे आहे ते नेमके आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या फोटोंना लागू पडते.

निकॉनचे व्हीआर, कॅननचे आयएस, सिग्माचे ओएस, टॅमरॉनचे व्हीसी ही एकाच गोष्टीची कंपनीगणिक वेगळी नावे आहेत. लेन्समध्ये बसवलेले जायरो सेन्सर कॅमेरा कोणत्या दिशेने आणि किती वेगाने कलतो आहे हे मोजतात, आणि त्या हिशेबाने काचांचा एक गट उलट बाजूला सरकवून प्रतिमा सेन्सरवर जागच्या जागी धरून ठेवली जाते. म्हणजे या यंत्रणेला फक्त आपल्या हाताचा कंप कळतो. समोर पणती घेऊन वाकलेल्या बाई हलल्या, हे तिला कळण्याचा काही मार्गच नाही. खांब हलत नाही म्हणून खांबाला व्हीआर तारते. माणसाला मात्र वेगवान शटरच लागते, आणि ते अ‍ॅपर्चर मोठे करून किंवा आयएसओ वाढवूनच मिळते.

आता आपल्याच आकड्यांवर हिशेब करू. हातात धरून फोटो काढताना जुना ठोकताळा असा, की फोकल लेन्थ (लेन्सचा मिमीतला आकडा) जेवढी, सेकंदाच्या निदान तेवढ्याव्या भागाइतके शटर वेगवान ठेवावे. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्यामुळे ती संख्या दीडपट धरावी. ५५ मिमीला त्यामुळे सुमारे १/८० सेकंद हवा. आपण १/८ वर आहात, म्हणजे दहापट मंद, म्हणजेच तीन स्टॉपहून थोडे जास्त, कारण प्रत्येक स्टॉपला वेळ दुप्पट होतो. व्हीआरचे जे ‘चार स्टॉप’ सांगितले जातात, ते कॅमेरा-उद्योगाच्या सीपा या संस्थेने ठरवलेल्या पद्धतीने, कॅमेरा कंपन देणाऱ्या उपकरणावर ठेवून मोजलेले असतात. जिना चढून दम लागलेल्या माणसाच्या हातात ते तेवढे भरत नाहीत. मी स्वतः त्यातून एक स्टॉप मनातल्या मनात वजा करतो. त्यामुळे आपला १/८ अगदी काठावर बसतो. तीन फोटो लागोपाठ घेतले तर एखादा धारदार यावा. येत नसेल, तर व्हीआर चालू आहे का हे आधी पाहावे. आपल्या एएफ-पी लेन्सवर त्याचे बटण नसते. ते कॅमेऱ्याच्या मेनूत ‘ऑप्टिकल व्हीआर’ या नावाने असते आणि चुकून बंद राहिले तरी बाहेरून काही कळत नाही.

हाच उजेड ३५ मिमीच्या एफ/१.८ वर घेतला, तर ५.६ ला १.८ ने भागून वर्ग केल्यावर साधारण साडेनऊपट प्रकाश मिळतो आणि शटर १/८ वरून थेट १/८० च्या जवळ जाते. ३५ मिमीला ठोकताळ्याप्रमाणे १/५० पुरतो. म्हणजे व्हीआर नसतानाही हात सुरक्षित राहतो आणि शिवाय थांबून दिवा लावणारे माणूसही बऱ्यापैकी गोठते. व्हीआरने यातली पहिली गोष्ट साधते, दुसरी साधत नाही.

पण खरेदीआधी एक काम करावे, आणि ते फुकट आहे. गेल्या वर्षीचे टाकाऊ फोटो काढून टाकले नसतील, तर ते मोठे करून पाहावेत. ‘फोटो हलला’ या दोन शब्दांत आपण तीन वेगवेगळे दोष कोंबतो. पणत्यांच्या ज्योतींकडे पाहावे, कारण प्रकाशाचे ठिपके खोटे बोलत नाहीत. फोटोभर सगळ्या ज्योती एकाच दिशेला ओढल्यासारख्या, एकाच वळणाची रेघ काढत असतील, तर हात हलला. ज्योती टोकदार असून फक्त चेहरा किंवा हात पुसट असेल, तर माणूस हलले. ज्योतींचे गोल, मऊ थेंब झाले असतील आणि मागची किंवा पुढची एखादीच पायरी स्पष्ट असेल, तर फोकस चुकला. पहिल्या दोषावर व्हीआर हे औषध आहे, दुसऱ्यावर मोठे अ‍ॅपर्चर, आणि तिसऱ्यावर कोणतीही नवी लेन्स नव्हे, उलट एफ/१.८ वर तो दोष वाढतोच.

१६-८० बद्दल थोडक्यात: लेन्स उत्तम आहे, पण आपल्या किट लेन्सच्या तुलनेत तिच्यामुळे १८ मिमीला जेमतेम अर्धा-पाऊण स्टॉप आणि लांबच्या टोकाला एक स्टॉप पदरी पडतो. अंधारासाठी म्हणून तेवढे पैसे घालावेत असे मला वाटत नाही. माझे मत ३५ मिमीला.

सोमवारकर

‘अर्धा स्टॉप’ यांचे विवेचन मला मान्य आहे, परंतु निष्कर्ष मान्य नाही. त्यांनी उजेडाचा हिशेब केला, जागेचा केला नाही. वाड्याच्या सोप्यात किंवा देवळाच्या अंतराळात (गाभाऱ्याआधीच्या छोट्या दालनात) मागे सरकायला दोन मीटर मिळाले तरी पुष्कळ म्हणायचे. दोन मीटरवरून ३५ मिमीच्या लेन्सला आपल्या सेन्सरवर रुंदीत सुमारे १.३ मीटर दिसते. १७ मिमीला पावणेतीन मीटर दिसते. सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या दर्शनी भागासमोर उभे राहून पाहावे: द्वाराच्या दोन्ही बाजूंची शिल्पे एका चौकटीत घ्यायची म्हटली, तर ३५ मिमी घेऊन पाठ भिंतीला टेकेपर्यंत मागे जावे लागते. कोरीवकामाची नोंद ठेवणाऱ्याला तपशील हवा असतो, तसा तो तपशील कशाच्या शेजारी आहे हेही हवे असते.

आणखी एक गोष्ट त्यांनी ओझरती सांगितली, तिच्यावर मला थोडे थांबावेसे वाटते. दीड मीटरवरून ३५ मिमी लेन्सने एफ/१.८ वर फोटो काढला, तर सुमारे १३ सेंटीमीटर खोलीपुरतेच चित्र स्पष्ट येते, आणि एक मीटरवर तर सहाच सेंटीमीटर. एफ/५.६ वर दीड मीटरला तीच खोली चाळीस सेंटीमीटरच्या पुढे जाते. विश्रामबागवाड्यातल्या सुरूच्या आकाराच्या खांबांवर केळफुलाची जी नक्षी आहे, ती सपाट नाही. पुढे झुकलेल्या पाकळ्या आणि मागचा खांब यांत बरेच अंतर पडते. तिथे एफ/१.८ घेतलेत, तर एक पाकळी उत्तम येईल आणि उरलेले सगळे धुक्यात जाईल. न हलणाऱ्या, खोली असलेल्या वस्तूसाठी अ‍ॅपर्चर लहान ठेवून शटर मंद ठेवणे हेच योग्य, आणि ते हातात धरून करायचे तर स्थिरीकरणाला पर्याय नाही.

म्हणून दोन्ही गरजांचा मध्य साधणारी १७-५० एफ/२.८ ओएस मला अधिक योग्य वाटते. लांबच्या टोकाला किट लेन्सपेक्षा दोन स्टॉप जास्त मिळतात, म्हणजे आपला १/८ चा १/३० होतो, आणि वर ओएस आहेच. तिचे वजन ५६५ ग्रॅम आहे, किट लेन्सच्या अडीचपटीहून जास्त, त्यामुळे दिवसभर गळ्यात वागवताना ती जाणवेल, हे मान्य.

जुना बाजार

वापरलेली लेन्स घ्यायची असल्यास काही गोष्टी पाहून घ्याव्यात, कारण या कॅमेऱ्याच्या बाबतीत फसगत सहज होऊ शकते. डी५६०० च्या शरीरात फोकसची मोटर नाही. ती लेन्समध्येच असावी लागते. टॅमरॉनची १७-५० एफ/२.८ ही लेन्स निकॉनसाठी निरनिराळ्या रूपांत आली: अगदी पहिलीत मोटर नव्हती, नंतरचीत आली, आणि व्हीसी असलेली आणखी वेगळी आहे. जाहिरातीत तिन्हींचे नाव जवळपास सारखेच दिसते. पहिली घेतली, तर अंधारात हाताने फोकस करत बसावे लागेल. सिग्माच्या नावात एचएसएम आहे का हे वाचावे. असेल, तर मोटर आहे.

स्थिरीकरणाची यंत्रणा जिवंत आहे का हे दुकानातच तपासता येते. लेन्स सर्वांत लांब टोकाला न्यावी, व्ह्यूफाइंडरमध्ये एखादी दूरची पाटी धरावी आणि शटरचे बटण अर्धे दाबून ठेवावे. क्षणभरात पाटी तरंगायची थांबून जागेवर बसल्यासारखी दिसली पाहिजे आणि लेन्समधून अगदी हलकी घरघर ऐकू आली पाहिजे. पाटी उडी मारत असेल किंवा एका बाजूला सरकत राहत असेल, तर पैसे खिशातच ठेवावेत. त्यानंतर ओएस चालू ठेवून १/१० ला दहा आणि बंद ठेवून दहा असे फोटो काढून तिथेच मोठे करून पाहावेत; दोन्ही दहांत फरक दिसला नाही, तर ओएस नावापुरतेच उरले आहे. लेन्सच्या एका बाजूने बारीक टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने पाहिले, की बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. आपल्याकडचे पावसाळे पाहता ही तपासणी मी कधीच टाळत नाही. एकदा टाळली होती आणि ती लेन्स आता कपाटात वजन म्हणून आहे.

त्याआधी दोन्ही लेन्स एका शनिवार-रविवारपुरत्या भाड्याने घेऊन पाहिल्या, तर आमच्या सगळ्यांच्या मतांपेक्षा तो खर्च अधिक उपयोगी पडेल.

कडीपाट

सर्वांचे मनापासून आभार. ‘अर्धा स्टॉप’ यांनी सांगितल्याप्रमाणे जुने फोटो उघडून बसलो आणि दोन गोष्टी उघड झाल्या. पहिली सांगताना संकोच वाटतो. माझ्या कॅमेऱ्यातले ‘ऑप्टिकल व्हीआर’ बंदच होते. कधीतरी एका मित्राच्या ट्रायपॉडवर कॅमेरा लावला, तेव्हा मीच ते बंद केले असावे आणि पुन्हा चालू करायचे राहून गेले. म्हणजे वाड्यांतले माझे गेल्या कित्येक महिन्यांचे फोटो व्हीआरशिवायच काढलेले आहेत. काल ते चालू करून त्याच माजघरात त्याच तुळईचे फोटो पुन्हा घेतले. १/८ ला पाचांपैकी तीन स्वच्छ आले.

दुसरी गोष्ट अशी, की पणत्यांच्या फोटोंत दोष मिश्र आहेत. जिथे सगळ्या ज्योतींनी एकाच वळणाचा स्वल्पविराम काढला आहे असे फोटो पुष्कळ निघाले, पण जवळपास तितकेच असे आहेत की ज्योती ठीक आहेत आणि बोटे पुसट आहेत. शिवाय हे फोटो बहुतेक ३० ते ४५ मिमीच्या दरम्यान काढलेले दिसतात. त्यामुळे वाड्यांसाठी किट लेन्सच ठेवावी आणि ३५ मिमी फक्त उत्सवांसाठी घ्यावी, असे मन होत आहे. ‘सोमवारकर’ यांचा जागेचा मुद्दा त्यामुळे आपोआप मिटतो, असे मला वाटते.

सोमवारकर

व्हीआर बंद होते हे कळल्यावर माझ्या शिफारशीतला जोर बराच ओसरला, हे मी मान्य करतो. आपल्याकडे रुंद आणि स्थिर लेन्स आधीपासून आहे, हे आता ठरले. केवळ दोन स्टॉपसाठी १७-५० वर मोठी रक्कम घालण्यापेक्षा ३५ मिमी घेणे बरे.

उत्सवासाठी एक सूचना. पणत्यांच्या सोबत हल्ली एलईडीच्या माळाही असतात आणि त्यांतल्या पुष्कळ स्वस्त माळा आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते: १/२०० किंवा त्याहून वेगाने घेतलेल्या लागोपाठच्या फोटोंत एक उजळ, तर दुसरा मळकट येतो. अशा ठिकाणी १/१०० वर थांबावे; दिवा लावणाऱ्या माणसाला तेवढा वेग पुरतो. ढोल वाजवणाऱ्याला पुरणार नाही, त्याला १/२५० तरी हवा, पण तो आपला विषय नाही. फोटो रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात) घ्यावेत, कारण ज्योतीचा प्रकाश सुमारे १९०० केल्विनचा, म्हणजे फारच तांबूस असतो, आणि त्याच चौकटीत एलईडीचा निळसर पांढरा मिसळला की कॅमेऱ्याचा रंगाचा स्वयंचलित अंदाज हमखास गडबडतो.

पाव इंच

वाड्यांतल्या फोटोंसाठी एक जुनी युक्ती सुचवतो, जिला ट्रायपॉडची परवानगी लागत नाही आणि पैसेही नगण्य लागतात. कॅमेऱ्याच्या बुडाशी ट्रायपॉडसाठी जे छिद्र असते, त्यात पाव इंची, इंचाला वीस आट्यांचा बोल्ट बसतो. रविवार पेठेत बोहरी आळीत तो सुटा मिळतो. त्याच्या डोक्याला सुतळीचे किंवा नायलॉनच्या दोरीचे एक टोक बांधावे, दुसरे टोक पायाखाली दाबावे आणि कॅमेरा डोळ्याला लावून दोरी ताठ होईपर्यंत वर ओढून धरावा. ताणलेल्या दोरीमुळे वरखाली होणारा कंप बराच मरतो. माझ्या अनुभवात यातून एक, कधी दीड स्टॉपचा फायदा होतो, आणि तो व्हीआरच्या वर मिळतो.

बोल्ट घेताना सहा मिमीचा घेऊ नये. तो दिसायला सारखाच असतो आणि पहिला एखादा आटा धरतोही, पण त्याच्या आट्यांमधले अंतर वेगळे असते. पुढे जोर लावला, तर बोल्टाचे काही जात नाही, कॅमेऱ्याचे छिद्र मात्र खराब होते. बोल्ट लांबीलाही आखूडच हवा, छिद्राच्या खोलीपेक्षा कमीच आत जाईल एवढा, नाहीतर तो बुडाला आतून टेकतो.

याच्या जोडीला व्हीआर चालू असताना बटण अर्धे दाबून अर्धा सेकंद थांबण्याची सवय लावावी. घाईने एकदम पूर्ण बटण दाबले, तर यंत्रणा स्थिरावण्याआधीच फोटो निघून गेलेला असतो. कोपरे बरगड्यांना टेकलेले, श्वास अर्धा सोडून थांबवलेला आणि जवळ खांब असेल तर खांदा खांबाला; एवढे केले की पुष्कळ होते.

कडीपाट

बोल्ट मिळाला. दुकानदाराने आधी सहा मिमीचाच पुढे केला होता, त्यामुळे ‘पाव इंच’ यांचे विशेष आभार. ३५ मिमी दोन दिवसांसाठी भाड्याने आणली आणि काल संध्याकाळी घरच्याच देवघरात आईला निरांजन लावायला सांगून पुन्हा पुन्हा फोटो काढले. तिसऱ्या वेळी तिने निरांजन माझ्या हातात दिले. एफ/१.८, आयएसओ ३२००, १/१०० वर तिचे हात स्पष्ट येतात, हे मला किट लेन्सवर कधीच जमले नव्हते. अडचण एवढीच, की दर चार-पाच फोटोंमागे एकात फोकस हाताऐवजी ज्योतीवर किंवा मागच्या समईवर जातो. हा लेन्सचा दोष समजावा का?

अर्धा स्टॉप

एवढ्यावरून लेन्सला दोष देता येणार नाही. कॅमेऱ्यातले सगळे फोकस बिंदू एकाच वेळी चालू असतील, तर तो चौकटीतल्या सर्वांत ठळक गोष्टीकडे धावतो, आणि अंधारात ज्योत व समईची चमकती कड यांपेक्षा ठळक दुसरे काय असणार? एकच बिंदू निवडून तो मनगटावर किंवा बांगडीच्या काठावर ठेवावा. मधला बिंदू मंद उजेडात सर्वांत भरवशाचा असतो. त्यानंतरही फोकस दरवेळी सारखाच पुढे किंवा सारखाच मागे पडत असेल, तर मात्र लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर पाहून) फोकस करून तोच फोटो पुन्हा घ्यावा. तिथे कॅमेरा थेट सेन्सरवर पाहून फोकस करतो. तो अचूक आला आणि व्ह्यूफाइंडरमधला चुकला, तर या लेन्सचा आणि आपल्या कॅमेऱ्याचा मेळ जमत नाही असे समजावे. डी५६०० मध्ये तो मेळ मेनूतून सुधारण्याची सोय नाही, म्हणून विकत घेताना हीच प्रत न घेता दुसरी तपासून घ्यावी.